एकशे एकतीस किलो

आमच्या छावणीत जाड माणसं तशी पुष्कळ, पण मोजायची फीत पोटाभोवती पुरली नाही असे सतराच निघाले. त्या सतरांच्या यादीत माझं नाव पहिलं. सार्जंट साबिनो तार्की, मुख्य आचारी. चारशे माणसांचं जेवण चाखून बघायचं म्हणजे पोट सपाट कसं राहणार, हे ला पाझच्या लष्करी मुख्यालयात खुर्चीवर बसणाऱ्यांना कोण सांगणार?

हुकूम ला पाझहूनच आला होता. तीन महिन्यांत सात किलो वजन उतरवायचं, आणि शेवटी छावणीच्या गेटपासून कोटापांपा गावाच्या बाजारमैदानापर्यंतचे अडीच किलोमीटर अठरा मिनिटांत धावायचे. दोन्ही जमलं तर शाबासकी. एकच जमलं तर एक वर्षाची मुदत. एकही नाही जमलं तर नोकरीतून घरी. आता माझं घर म्हणजे छावणीतलं क्वार्टर, आणि पेन्शनला उरलं होतं बरोब्बर सव्वा वर्ष. हुकूम वाचून मी त्या दिवशी सूपात दोनदा मीठ घातलं.

हुकमाच्या पाठोपाठ डॉक्टर आला. कॅप्टन हुस्तिनियानो. खालच्या गरम मुलखातला, उंच, गोरा, काडीसारखा, बोलायला अगदी गोड. हातात काळी बॅग. आम्हा सतरा जणांना त्यानं जेवणघरात बसवलं, बॅग उघडली, आणि एक बरणी काढून टेबलावर ठेवली. बरणीत पिवळट, गुठळ्या-गुठळ्यांचा गोळा होता.

"ही एक किलो चरबी," तो हसत म्हणाला. "माणसाच्या पोटातली अशी दिसते. तुमच्या प्रत्येकाकडे अशा तीस-चाळीस बरण्या आहेत, मित्रांनो. त्या मी इथून कमी करून जाणार."

मग त्यानं बॅगेतून एक चकचकीत चिमटा काढला. त्यानं कुशीवरची चरबी चिमटीत धरून मोजायची म्हणे.

माझ्या शेजारी बँडमधला पोमा बसला होता. ट्युबा वाजवतो तो, आणि ट्युबा त्याच्याशेजारी ठेवला तर लहान दिसतो. त्यानं माझी मांडी इतकी जोरात दाबली की डोळ्यांत पाणी आलं.

"साबिनो," तो ओठ न हलवता म्हणाला. "हा तोच आहे."

"गप रे."

"परका, गोरा, गोड बोलणारा, काळी बॅग. अजून काय गळ्यात पाटी लावून येईल का तो?"

मलाही तेच वाटत होतं. खारिसिरी. आमच्या पठारावर हे नाव कोणी मोठ्यानं घेत नाही. तो रस्त्यात भेटतो, नाहीतर बसमध्ये शेजारी येऊन बसतो. काहीतरी करतो आणि तुम्हाला झोप लागते. मग कुशीतून चरबी काढून घेतो. रक्त नाही, दुखणं नाही, फक्त एक लालसर खूण. तुम्ही उठता, घरी जाता, आणि हळूहळू पाय जड होतात, दम लागतो, जेवण गोड लागत नाही. पंधरा दिवसांत माणूस वाळतो, तिसाव्या दिवशी त्याला पुरतात. माझा एक मामा असाच गेला. चरबी कशाला लागते, यावर मात्र एकमत नाही. कोणी म्हणतं चर्चच्या घंटा ओतायला, कोणी म्हणतं परदेशी विमानांच्या इंजिनात घालायला. पोमाच्या मते साबणाला. त्याला सुवासिक साबणाची लहानपणापासून भीती.

"लष्करात असं चालतं का?" मी म्हणालो. "कॅप्टन आहे तो. पट्ट्या आहेत खांद्यावर."

"मग? फुकटात सतरा माणसं रांगेत उभी करून मिळतात का कुठे?"

दुसऱ्या दिवसापासून धावणं सुरू झालं. पहाटे, गवतावर बर्फाचे कण असताना. आम्ही सतरा जण पुढे, आणि डॉक्टर मागे सायकलवर, शिट्टी तोंडात. त्याला स्वतःला या उंचीवर शंभर पावलं धावता येत नव्हती. पहिल्या दिवशी प्रयत्न केला आणि चरणाऱ्या एका लामा जनावराच्या अंगावर ओकला. तेव्हापासून सायकल.

आता तुम्हीच विचार करा. पुढे तुम्ही, मागे काळ्या बॅगेवाला, रस्ता सुनसान, धुकं. प्रत्येकाच्या कमरेला पट्ट्याखाली लसणाची माळ, कारण लसूण त्याला चालत नाही असं म्हणतात. सतरा माणसं घामेजली की त्या माळांचा असा वास सुटायचा की गावची कुत्री भुंकायची थांबून शिंकायची. डॉक्टरला वाटलं आम्ही आहार सुधारला. "लसूण हृदयाला उत्तम!" तो मागून ओरडायचा. पोमा कुजबुजायचा, "ह्याला लसूण चालतो रे. आता काय करायचं?"

आठवड्यानं वजन झालं. दवाखान्यातला काटा पोमा उभा राहताच मोडला, म्हणून सगळी वजनं माझ्या स्वयंपाकघरातल्या पोत्यांच्या काट्यावर व्हायला लागली. मी चढलो. पहिल्या दिवशी एकशे नऊ होतो. आता एकशे सात.

"शाब्बास, सार्जंट! दोन किलो गेले!"

"कुठे गेले?" मी विचारलं.

"म्हणजे? जळले. विरघळले."

बावीस वर्षं मी कोठार सांभाळतोय. माझ्या कोठारातून दोन किलो चरबी नाहीशी झाली तर ती विरघळलेली नसते, कोणीतरी नेलेली असते. मी टेबलावरच्या बरणीकडे बघितलं. देवाशपथ सांगतो, मला ती जास्त भरलेली दिसली.

त्या दिवसापासून माझे पाय जड झाले. दम तर धावल्यामुळे लागतच होता, पण धावल्यामुळे लागतोय की त्याच्यामुळे, हे ओळखायचं कसं? दुपारी डोळे मिटायचे. सूप बेचव लागायचं, आणि ते मीच केलेलं असल्यामुळे कोणाला बोलताही येईना. आरशात गालाची हाडं दिसायला लागली की काय, म्हणून मी बायकोचा आरसा कपाटात उलटा करून ठेवला.

आणि मग ट्रकमधला प्रकार घडला. नेमबाजीच्या मैदानावरून आम्ही भरदुपारी परत येत होतो. मला जागा मिळाली डॉक्टरच्या शेजारी. ऊन, इंजिनाची घरघर, सकाळचं धावणं. झोपायचं नाही, झोपायचं नाही, असं मनात घोकत होतो, आणि जाग आली तेव्हा माझा शर्ट वर सरकलेला आणि डॉक्टर चिमटा पुसून बॅगेत ठेवत होता.

"छान झोप लागली होती तुम्हाला," तो गोड हसला. "म्हटलं, झोपेतच मोजून घ्यावं. जागे असलात की पोट आत ओढता तुम्ही."

कुशीवर लाल खूण होती. दोन बोटं रुंद.

गेटपाशी मी ट्रकमधून उतरलो तो थेट कोमाद्रे फोर्तुनाताच्या टपरीवर गेलो. तिनं माझ्या थोरलीला बाप्तिस्म्याला हातावर धरलं होतं, म्हणून ती माझी कोमाद्रे, मी तिचा कोंपाद्रे. डुकराचं मांस तिच्यासारखं तळणारी अख्ख्या पठारावर नाही. गोल टोपी कपाळावर ओढून तिनं माझी खूण बघितली, आणि हातातला झारा खाली ठेवला. तिला झारा खाली ठेवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"किती दिवस झाले?"

"आजच. पण आधी दोन किलो गेलेत."

"अगं आई. कोणाला बोललास?"

"तुलाच. कोणाला सांगू नकोस, कोमाद्रे. कॅप्टन आहे तो."

"मी कशाला सांगते?" असं म्हणून तिनं इकडे तिकडे बघितलं, आणि तिथे मटण खात बसलेल्या चार जणांनी ताटात डोळे घातले. "आता ऐक. गेलेली चरबी भरून काढायची. रोज दोनदा माझ्याकडे यायचं. चरबीवर उतारा चरबीच. आणि काळ्या मेंढीचं सूप, ते मी बघते. खा. रडतोस काय? खा!"

मी खाल्लं. रोज दोनदा, कधी तीनदा. पहाटे धावायचं, दिवसभर भरून काढायचं. दोन आठवड्यांत एकशे दहावर आलो आणि जरा जिवात जीव आला. तो जीव आला आणि हुकूम आठवला. सात किलो उतरले नाहीत तर घरी, कारण अठरा मिनिटांत धावणं काही जमणार नव्हतं. उतरले तर पुरतात. रात्री उठून कोठारातली पोती मोजत बसायचो.

मग मला काटा आठवला.

आमच्याकडे बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात. दगडासारखा कडक होतो, वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या काट्याच्या फळीखाली डाव्या कोपऱ्यात एक चुन्यो सरकवला की वजन चार किलो कमी दाखवतं. बटाट्याचा व्यापारी येतो तेव्हा हे करावं लागतं. तो बिचारा आणखी एक पोतं उतरवतो, आणि चारशे माणसांना पोटभर मिळतं. त्याला मी चोरी समजत नाही.

एक चुन्यो, चार किलो. दोन चुन्यो, आठ. पोमाला मी फक्त पोमासाठी सांगितलं, पण ट्युबा वाजवणाऱ्याकडून गुपित राहायची अपेक्षा करणं मूर्खपणा होता. पुढच्या वजनाला सतराही जण माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. दर आठवड्याला थोडंथोडं, शिस्तीत, आम्ही सगळे उतरत गेलो. डॉक्टर वहीत लिहायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा. शेवटच्या वजनाला त्यानं बेरीज केली, खाली दोन रेघा मारल्या, आणि शेजारी लिहिलं: *एकूण एकशे एकतीस किलो. उत्तम प्रगती!*

"सार्जंट," तो ओल्या डोळ्यांनी म्हणाला, "माझ्या आयुष्यात असं यश मला मिळालं नव्हतं."

मला एवढं वाईट वाटलं की मी त्याला एक अंडं जास्त दिलं. खारिसिरी असला तरी.

धावण्याची परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी कोटापांपाचा आठवडी बाजार. कर्नलसाहेब दोन्ही ट्रक आणि शस्त्रागाराची किल्ली घेऊन संचलनाच्या सरावाला गेले होते. मी दुपारच्या जेवणाच्या तयारीत होतो, तेवढ्यात एका मिनीबसचा ड्रायव्हर गेटवर गाडी न थांबवताच ओरडला, "तुमच्या डॉक्टरला धरलंय बाजारात! बांधलाय! पेट्रोल आणायला माणूस गेलाय!"

"आम्हाला घेऊन चल!" पहारेकरी ओरडला.

"वेडा आहेस? माझी गाडी जाळतील!" आणि तो धुरळा उडवत उलट्या दिशेनं गेला.

काय झालं ते नंतर कळलं. डॉक्टरला आपलं यश गावालाही दाखवायचं होतं. बाजारात एका खोक्यावर उभा राहून, एका हातात बरणी आणि दुसऱ्या हातात वही घेऊन, त्यानं मोठ्यानं जाहीर केलं होतं, "तीन महिन्यांत मी तुमच्या सैनिकांची एकशे एकतीस किलो चरबी उतरवली आहे!" टाळ्यांची वाट बघत होता बिचारा.

गेटपाशी आम्ही सतरा जण एकमेकांकडे बघत उभे. पोमाचा चेहरा राखेसारखा.

"बरंच झालं की," कोणीतरी मागून हळूच म्हणालं. "सुटलो."

त्या क्षणी मला ते एकशे एकतीस किलो दिसले. माझ्या काट्याचे. माझ्या चुन्योंचे. त्याने दोन किलो घेतले असतील-नसतील, ते देव जाणे. पण बाकीचे मी बनवले होते, आणि त्यांच्यासाठी माणूस जळणार होता. वर्षभरापूर्वी पलीकडच्या गावात एका खेळणी विकणाऱ्याला जाळलं होतं. त्याच्याकडे सुई सापडली होती म्हणे. त्याचा बूट कितीतरी दिवस रस्त्याकडेला पडून होता.

बाराचा बिगुल वाजला. मी धावायला लागलो.

अंगावर ॲप्रन, हातात पळी. टाकायची सुचलीच नाही. मागे पोमा, त्याच्यामागे बाकीचे, सोळा बैल एका दारातून सुटावेत तसे. थंडी असून कानांत आग. छातीत कोणीतरी आतून दार ठोठावत होतं. वळणावर दिसलं, बाजाराच्या दिशेनं काळा धूर. मी थबकलो.

"टायर आहे! नुसता टायर!" पोमा मागून रडत ओरडला. "माणसाचा धूर असा नसतो!"

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत! धाव!"

डॉक्टरला फुटबॉलच्या गोलपोस्टला बांधलं होतं. बूट काढून घेतलेले, कपाळातून रक्त. शेदीडशे माणसं. आरडाओरडा नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. सगळे शांतपणे वाट बघत होते. पोलीसचौकीचं दार आतून बंद. पुढे कोमाद्रे फोर्तुनाता उभी, एका हातात बरणी, दुसऱ्यात वही, आणि ती वाचत होती.

"तार्की साबिनो, नऊ किलो. पोमा हिलारियोन, अकरा किलो." तिनं वर बघितलं. "आलास, कोंपाद्रे? बरं झालं. सांग सगळ्यांना. यातली तुझी कुठली?"

मी पळी जमिनीवर टेकून दम घेतला. डॉक्टर माझ्याकडे बघत होता.

"कुठलीच नाही," मी म्हणालो. "काही गेलं नाही. काटा खोटा होता. मी चुन्यो घालत होतो फळीखाली."

"शिकवून पाठवलंय त्याला!" मागून एक बाई ओरडली.

"मग कुशीवरची खूण?" कोमाद्रे म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितली."

"चिमट्याची आहे ती! मोजत होता!"

"झोपेत?"

पेट्रोलवाला आला. हातात पाच लिटरचा डबा.

"कोमाद्रे," मी म्हणालो, "वहीचं पहिलं पान वाच. पहिल्या दिवशी मी किती होतो?"

तिनं पान उलटलं. "एकशे नऊ."

"आता तोल मला. इथे. तुमच्या काट्यावर."

लोकर आणि कापलेले लामा तोलायचा टांगता काटा होता तिथे, तीन खांबांना लटकवलेला. मला मेंढीच्या कातड्यात बसवून, दोराने आवळून आकड्याला अडकवलं. सहा माणसांनी ओढून वर घेतलं. मी हवेत गोल गोल फिरत होतो, पळी हातात तशीच. वर गेल्यावर कळलं, हा काटा खोटा निघाला तर डॉक्टर मरणार, आणि खरा निघाला तर माझे नऊ किलो वहीतून जाणार. धावण्याची परीक्षा शनिवारी, आणि मी आत्ताच मेलो होतो. म्हणजे मी घरी.

"एकशे चौदा," काटेवाला म्हणाला.

कोमाद्रेनं स्वतः येऊन काटा बघितला.

"पाच जास्त?"

"तुझीच कृपा," मी वरून म्हणालो. "दिवसातून तीन वेळा."

पोमा एकशे बावीस भरला, वहीतल्या शेवटच्या आकड्यापेक्षा सोळा जास्त, आणि त्याला वर घेताना दोर तुटून तो कांद्यांवर पडला. तिथे पहिली बाई हसली. तिसऱ्याला टांगलं तेव्हा दहा जण हसत होते. सातव्याच्या वेळी पेट्रोलवाल्यानं डबा खाली ठेवला आणि दोर ओढायला हात लावला, कारण सातवा फारच जड होता. आम्ही सतराही जण टांगले गेलो. मिळून पहिल्या दिवसापेक्षा साठ किलो जास्त. एवढी चरबी चोरून आणखी साठ किलो आत भरणारा खारिसिरी कोणी ऐकला नव्हता.

कोमाद्रेनंच दोर सोडला. "माणूस आहेस तर आधी बोलायचंस ना," तिनं डॉक्टरला दटावलं. "खोक्यावर चढून काय बोललास ते?" आणि त्याच्या हातात सूपाचं भांडं दिलं, वर बोटभर चरबी तरंगत असलेलं. तो दोन भांडी प्यायला. एक बूट परत मिळाला.

मी त्याच्या बाजूला जमिनीवर बसलो. "कॅप्टनसाहेब, माझं वजन लिहून टाका. मी सामान बांधतो."

त्यानं वही घेतली. "बिगुल वाजला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"गेटवर. तेव्हाच सुटलो."

"माझे हात पुढे बांधले होते. सारखा घड्याळाकडे बघत होतो. पेट्रोलवाला किती वेळात येईल ते." त्यानं वहीचं पान उलटलं. "तुम्ही आलात तेव्हा सतरा मिनिटं झाली होती."

"सगळ्यांना?"

"पोमा जरा मागे होता." त्यानं घड्याळ घातलेलं मनगट वर केलं. ते इतकं हलत होतं की काटे दिसेनात. "एवढं नीट वाचता येत नव्हतं मला. सतराही जण पास."

त्यानं लिहिलं: *वजन वाढले. धाव उत्तीर्ण. कारण समजले नाही.* एक वर्षाची मुदत. पेन्शनपर्यंतचं एक वर्ष.

पुढच्याच आठवड्यात त्यानं बदली मागून घेतली, खाली गरम मुलखात. जाताना बरणी माझ्याकडे ठेवून गेला. रबराची आहे म्हणाला, दाबून बघा. मी दाबली नाही. कोठाराच्या सगळ्यात वरच्या फळीवर, साखरेच्या मागे ठेवली आहे.

धावणं मात्र आम्ही सोडलं नाही, पुढच्या परीक्षेच्या भीतीनं. काल सहज काट्यावर चढलो. एकशे तेरा, बाजारातल्यापेक्षा एक किलो कमी. उतरून फळीखाली हात घातला, डावा कोपरा, उजवा कोपरा, सगळीकडे चाचपलं.

एकही चुन्यो नव्हता.

मी कोठाराच्या वरच्या फळीकडे बघितलं नाही. लसणाची माळ कमरेला बांधली आणि कोमाद्रेकडे गेलो.